गुरं, नोकरी आणि बाप्पा

तुम्हाला सांगतो यार, लॉकडाऊनमध्ये आमच्या अमेरिकेतल्या चँडलरच्या घरात आई आणि मी एकाच गणपतीकडे अगदी एकमेकांच्या विरुद्ध मागत होतो. मांसासाठी पाळलेल्या गुरांचा खुराक ठरवणं हे माझं काम. त्यांना लठ्ठ करायचाच पगार मिळतो. कोविडमुळे कत्तलखाना बंद पडला आणि विकायला तयार झालेली गुरं अडकून पडली. बॉस म्हणाला, "मका कमी कर, गवत वाढव. आता नुसती जगवायची, वाढवायची नाहीत." मला वाटलं, गेली नोकरी.

नागपूरहून आलेल्या आईची परतीची फ्लाइट कॅन्सल झाली होती. रोज विचारायची, "गेली का रे गुरं कापायला?" "नाही" म्हटलं की खुशीत देवापुढे साखर ठेवायची. तिची पाठ वळली की मी हात जोडायचो, "बाप्पा, कत्तलखाना सुरू होऊ दे."

शेवटी बॉसचा फोन आला, "उद्या गुरं न्यायला ट्रक येताहेत!" मी हुश्श करून वळलो, तर मागे आई. तिनं देवापुढे साखर ठेवली.

"आता कसली साखर, आई?"

"तुझी नोकरी वाचली त्याची. सकाळी गुरांसाठी मागायचे, संध्याकाळी तुझ्यासाठी. उगाच का बाप्पाला इतका वेळ लागला?"