पुढच्या सॉकेटपर्यंत

...बसतो हो, बसतो! बसलाच नसता तर मी दुकानदाराशी भांडलो तरी असतो. पिना तेवढ्याच, एक हजार एकशे एक्कावन्न, नाव तेच, माप तेच, प्रोसेसर अलगद खाली जातो, कडी लागते, पंखा फिरतो... आणि पडद्यावर काळोख. का? तर म्हणे सॉकेट तेच, पण पिढी वेगळी. अहो, माझा मुलगा केयूर माझ्यापेक्षा वेगळ्या पिढीतला आहे, तरी माझा सदरा त्याला होतोच ना?

तुम्हाला सांगतो, मला कॉम्प्युटर बदलायचाच नव्हता. मला फक्त त्याचा मेंदू बदलायचा होता. म्हणजे प्रोसेसर. तो ज्या चौकोनी खाचेत बसतो ते सॉकेट, आणि हे सॉकेट कंपनी दर दोन-तीन वर्षांनी बदलते. सॉकेट बदललं की बोर्ड बदला, बोर्ड बदलला की मेमरी बदला, मेमरी बदलली की वीज पुरवणारा डबा अपुरा पडतो. मेंदू बदलायला गेलेल्या माणसाला मान, खांदे आणि फुप्फुसं घ्यायला लावतात. मग वाटतं, एवढं सगळं घ्यायचंच आहे तर नवीन सॉकेट येईल तेव्हाच घ्यावं. चूक आहे का यात? नाही, तुम्ही सांगा. मला माझं कधीच खात्रीनं कळत नाही. म्हटलं, थोडं थांबू.

आता तुम्ही विचाराल, या वयात एवढा वेगवान कॉम्प्युटर कशाला? तर माझी सगळी नोकरी समुद्र वाळू कशी खातो हे मोजण्यात गेली. डॉक्टरेट त्यातच. निवृत्त होऊन मालवणजवळ वडिलांच्या जागेत घर बांधलं, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे वाळूची पट्टी. हो, मला माहीत होतं. सगळे हेच विचारतात. माहीत असणं वेगळं आणि निवृत्तीनंतर समुद्रासमोर चहा पिणं वेगळं.

दुसऱ्याच पावसाळ्यात आमच्या पुढची सुरूच्या झाडांची रांग गेली. तेव्हा आमची सरला, म्हणजे माझी बायको, चहा ठेवता ठेवता म्हणाली, "तुमी आख्खो जल्म लोकांचे किनारे मोजलास. आता आपला घर किती वर्सां टिकतला ता सांगा. टिकतला तर ऱ्हवया. नाय तर सामान हलवता येता तवसर जाव्या."

एवढा साधा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. सरकारी समित्या विचारायच्या त्याला साधारण एक उत्तर आणि चार परिशिष्टं चालायची. इथे चालणार नव्हती. मी माझा जुना प्रोग्राम काढला, लाटा, वारा, वाळू, भरती-ओहोटी सगळं भरलं आणि सुरू केला. तो आठवडेच्या आठवडे चालायचा आणि उत्तर जवळ आलं की लाईट जायची. मधे साठवून ठेवायची सोय का केली नाही म्हणता? केली होती हो. पण साठवलेलं बरोबर साठलं असेल का अशी शंका यायची, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो.

म्हणून कुडाळला दीपेशच्या दुकानात गेलो. मुलगा हुशार. म्हणाला, "सर, आता घेव नकात. दोन म्हयन्यांत नवीन सॉकेट येता हा." म्हटलं, थोडं थांबू. आलं नवीन सॉकेट. तोवर मी वाचलं होतं की त्याच्या पुढचं जास्त चांगलं आहे. दीपेश म्हणाला, घेऊन टाका. मी म्हटलं, थोडं थांबू. त्या वर्षी माडांची पुढची ओळ गेली. माड पडताना फारसा आवाज होत नाही, तुम्हाला सांगतो, सकाळी उठून बघावं तर झावळ्या पाण्यात आणि मुळं आकाशाकडे.

मग दुसरी एक कंपनी निघाली, तिचं सॉकेट वर्षानुवर्षं तेच. केयूर पुण्याहून फोनवर सांगायचा, बाबा, हेच घ्या, डोळे मिटून घ्या. पण मी विचार केला, इतकी वर्षं टिकलंय म्हणजे आता हे बंद होण्याची शक्यता वाढली. गणितानं बरोबर आहे ना? ते पुढे कित्येक वर्षं टिकलं. मी दर वर्षी म्हणायचो, आता बंद होईल, आणि दर वर्षी ते टिकायचं. आमची विहीर बाकी खारट झाली.

एकदाच धीर केला. मघाशी सांगितलं तेच, जुना बोर्ड आणि प्रोसेसर वेगवेगळ्या ठिकाणांहून, सगळा अभ्यास करून. पडद्यावर काळोख. बोर्ड परत करायला कागदात गुंडाळून ठेवला, दोन-तीन महिने गेले, आणि काढून बघतो तर खाऱ्या हवेनं पिना हिरव्या. दीपेशनं तो भिंगाखाली धरला आणि म्हणाला, "सर, कंपनी तुमचीच वाट बघता. तुमी घेतलास काय ती सॉकेट बदलतली." दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. काय करणार?

आमच्या मागच्या अंगाला गणपतचं घर. पर्यटकांना दोन खोल्या देतो, बायको काशीबाई माशाचं जेवण करते. तो रोज सकाळी आमच्या कुंपणाच्या गडग्यापाशी येऊन विचारायचा, "सर, खंय पावला तुमचा गणित?" मी म्हणायचो, नवीन सॉकेट येतंय, थोडं थांबू. तो मान हलवायचा आणि म्हणायचा, "तुमचा घर फुडे आसा तवसर आमका भिया नाय." अगदी प्रेमानं म्हणायचा. मला रात्रभर झोप लागायची नाही.

शेवटी सरला कंटाळली. काशीबाईला घेऊन देवळात गेली आणि देवाला कौल लावला. गुरवानं पाषाणाला पाकळ्या लावल्या आणि विचारलं, घर सोडूचा काय? पाकळी लगेच उजवीकडे पडली. म्हणजे सोडा. ती घरी येऊन सांगायला लागली तर मी म्हटलं, अगो, एका पाकळीवरून निष्कर्ष काढता येत नाही, नमुना फार लहान आहे. ती म्हणाली, "माझो नमुनो ल्हान तरी आसा. तुमचो खंय आसा?"

आणि खोटं कशाला बोलू, मला त्या पाषाणाचा हेवा वाटला. शेकडो वर्षं पाकळी लावायच्या जागा त्याच. कुठल्याही झाडाचं फूल आणा, चिकटतं. पिढी विचारत नाही.

तरीही मी कुडाळात फ्लॅट घ्यायला हो म्हटलं नाही. केयूरनं बघितलेला पहिला फ्लॅट दुसऱ्यानं घेतला, दुसरा तिसऱ्यानं. सरला एकेक वस्तू उंचावर ठेवत गेली. आधी पुस्तकं माळ्यावर, मग गाद्या, मग तांदळाचा डबा. गडगा गेला. मग खळं, म्हणजे पुढचं अंगण, निम्मं गेलं.

गेल्या वर्षी घेतला. हो, घेतला! सगळ्यात नवीन सॉकेट, नवीन बोर्ड, नवीन मेमरी, सगळं नवीन. दीपेश स्वतः गाडी घेऊन आला, शेवटचा रस्ता वाहून गेला होता म्हणून डबे खांद्यावरून आणले. प्रोग्राम घातला. त्याला पहिला आकडा लागतो तो घराच्या जोत्यापासून भरतीच्या रेषेपर्यंतचं आजचं अंतर. टेप घेऊन भरतीच्या वेळी बाहेर गेलो. टेपचं एक टोक जोत्याला लावलं आणि दुसरं टोक कुठे न्यायचं ते कळेना. पाणी जोत्यालाच लागत होतं.

आत आलो, शून्य भरलं. पापणी लवायच्या आत उत्तर आलं. "सुरुवातीचे अंतर शून्यापेक्षा जास्त असावे. कृपया तपासा." हे वाक्य मीच लिहिलं होतं, तरुणपणी, चुकीचा आकडा भरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी.

सरला मागे उभी होती. तिनं वाचलं आणि विचारलं, "चला?"

तेव्हा निघालो. टेम्पो येणार तोही लांब, माणसं हातानं सामान वाहत होती, जेवढं निघालं तेवढं निघालं. तिचं शिवणयंत्र राहिलं, लोखंडी होतं, गंजून जमिनीला धरलं होतं. पुढच्या पावसाळ्यात घर गेलं. एकदम नाही, समुद्राच्या बाजूची खोली, मग माजघर, मग कौलं. आता आम्ही कुडाळात भाड्याच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून बस स्टँड दिसतो. आणि टेबलावर तो कॉम्प्युटर, जिल्ह्यात एवढा वेगवान दुसरा नसेल, सरला त्यावर भजनं लावते.

तर परवा गणपत आला. पिशवीत कोकमाची सोलं, सुके बांगडे. बसला, पाणी प्याला, इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "सर, आता फुडचा घर आमचाच. तुमचो कंप्युटर मोकळो आसा तर आमचा जरा बघा."

त्याचं अंतर शून्य नव्हतं. भरलं. सरलानं चहा आणला, तो निवायच्या आत उत्तर आलं. मी पुन्हा चालवला. वारा बदलून, लाटा कमी करून, जे जे मनात आलं ते बदलून. प्रत्येक वेळी तेच. दोन पावसाळे. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या उत्तराची खात्री होती, तुम्हाला सांगतो, आणि ती नको होती. पण सांगितलं. थांबलो नाही. म्हटलं, गणपत, दोन पावसाळे. फार तर.

त्यानं चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाला, "मी खंय जातलंय, सर?"

  त्यानं चहा संपवला, कप नीट बशीत ठेवला, आणि उठता उठता म्हणाला, "दीपेश सांगी होतो, फुडल्या वर्साक नवीन सॉकेट येता हा. तेच्यार एकदा घालून बघा. तवसर मी थांबतंय."

काल त्याच्याकडे गेलो होतो, समजवायला. शिडीवर चढून बाहेरून रंग देत होता. पर्यटकांचा मोसम येतोय ना. वरूनच डबा दाखवला मला... खाऱ्या हवेसाठी खास आहे म्हणे, दहा वर्षांची ग्यारंटी.

मी खाली उभा राहून शिडी धरली.