कारणाचा रकाना

पदव्युत्तर प्रवेशाच्या खिडकीसमोरील रांगेत माझ्यापुढे एक शुभ्रकेशी गृहस्थ आपल्या नातीसह उभे होते.

“संख्याशास्त्रात चौतीस का, असं अर्जात विचारलंय ना? लिही, त्या वर्षी आजोबा वारले.”

“अहो आजोबा, तुम्ही इथे धडधाकट उभे आहात!”

“मग मी खांबामागे जातो.”

“काही नको. मी खरं तेच लिहिलंय. अभ्यास केला नव्हता. मग तोच विषय पुन्हा घेतला आणि एक्क्याऐंशी मिळवले.”

“एवढ्यावर घेतील?”

“बघू या.”

“नाहीच घेतलं, तर माझं मरण हाताशी असू दे.”

यथावकाश त्यांची पाळी आली. खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला.

“चौतीसवरून एक्क्याऐंशी? छान! सोमवारी मुलाखतीला या. आणि हे कोण?”

“मी हिचा आजोबा. सोमवारपर्यंत तरी जिवंत आहे.”