पायाळू बुढीचा पाय

माझं माहेर आरमोरीकडचं, तलावाच्या पाळीखाली घर, अन् देलं मले पोंभुर्ण्याच्या जंगलात. तवा चांदाच म्हणत, चंद्रपूर कोणी म्हणे नाई, अन् आमचा चांदा मध्यप्रदेशात होता, राजधानी नागपूर. बाप म्हणे, पोरी, तिथी धानाच्या बांध्या आहेत, मोहाची झाडं आहेत, उपाशी मरणार नाईस. वाघ आहेत हे काई तो बोलला नाई. मी तरी कुठची शहाणी, हळदीच्या अंगानं बैलबंडीत बसली अन् रस्ताभर हाच विचार करून राह्यली का सासरच्या आरशात तोंड पुरं दिसन का अर्धं. आरसाच नव्हता तिथी.

दुसरं पोरगं झालं अन् मी लवकरच धानाच्या रोवण्याले गेली. सासूबाई म्हणे, अवं थांब, कंबर कच्ची आहे तुही. मी म्हणली, आत्याबाई, मी काय मेणाची आहो? मेणाचीच होती ना वं. चिखलात वाकली ते वाकलीच. कमरेतून एक तार निघाली, मांडीच्या मागून थेट टाचेपर्यंत, जशी कोणी चुलीत तापवून आत ओवली. दिवसा हातपाय चालू असत तवर कसंबसं ठीक, पण रातच्याले आडवी झाली का सुरू. हाडाच्या आत मुंग्या, पोटरीले आतून चिमटे, पाय ठेवावा कुठी तेच समजे नाई, हलवला का जरा बरं, थांबवला का पुन्हा तेच. अंगणात फिरत राहो, फिरता फिरता रडो. मालक म्हणत, निजू दे मले, तुले का पाटलानं पाहाऱ्यावर ठेवली? चांद्याच्या दवाखान्यातूनही गोळ्या आणल्या, काय सांगू बाई तुम्हाले, गोळ्यानं झोप त्याइले आली, मले नाई. माझ्या गोळ्या मालकच डोकं दुखते म्हणून खात!

आमच्या शेजारी सायत्राबुढी राहे, ते पायाळू. म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी आले, डोस्कं मंग. अशा माणसाचा पाय कमरेले लागला का चमक जाते, उसण जाते, हे आमच्याकडे सगळ्याइले ठाऊक. मी उंबरठ्यावर पालथी पडो अन् बुढी लुगडं खोचून डाव्या पायाचा तळवा माझ्या कमरेवर ठेवे, हळूच दाबे, म्हणे, निघ, निघ, पोरीची वाट सोड. टाच तिची भेगाळलेली, खरखरीत, पण काय जादू होती त्या पायात, ते तार अशी थंड होऊन जाये का मी तिथीच उंबरठ्यावर घोरो. माणसं मले ओलांडून जात, सासूबाई म्हणे, सून आहे का पायपुसणं आहे! एका रातची झोप भेटे मले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्या दारात. बुढी म्हणे, अवं रांडे, मी मेल्यावर काय करशीन? मी म्हणो, तवाही येजा.

असं बोलावं का माणसानं? पण मी बोलली, दात काढून बोलली.

अन् बुढी मेली. ऐन रोवण्यात मेली, अर्धं गाव धानाच्या बांधीत, नाला भरत चाललेला, पलीकडं मसणात न्यायचं तं पाणी चढायच्या आधीच न्यायचं. बुढीच्या जातीत जाळत नाई, पुरतेत. पाऊस असा का तोंडात शिरे. नेलं, पुरलं, धावत माघारी आले अन् पुन्हा चिखलात उतरले, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, का कोणासाठी थांबतेत? मी रडली ना बाई, खूप रडली, पण खरं सांगू, अर्धी बुढीसाठी रडली अन् अर्धी माझ्या पायासाठी.

मंग काही रातींनी सांदवाडीकडून आवाज आला. सांदवाडी म्हणजे घरामागची मोकळी जागा. धप. मंग काई नाई. मंग पुन्हा धप. चालल्यासारखा नाई, जसं धानाचं पोतं कोणी उचलते अन् ठेवते. मी पालथी पडली होती, दुखण्यानं दात दाबून. दार वाजलं नाई, पण नांगरलेल्या वावराचा वास आला घरात, अन् माझ्या कमरेवर पाय पडला. थंड, रांजणाखालच्या मातीसारखा. टाचेच्या त्याच भेगा. अन् ते तार, बाई, विझली.

दुसरी कोणी असती तं किंचाळली असती. मी काय केलं? सरकून जागा करून देली! असं दुखणं असते ते, भुतालेही पाट मांडते. रोज ये बुढी, रोज मी झोपो, अंगावर मांस चढलं, मालक म्हणे, तुले सासर मानवलं वाटते.

पण एका सकाळी सारवलेल्या जमिनीवर सासूबाईले पावलं दिसली. दोन पावलं जोडीनं, मंग हातभर जागा कोरी, मंग पुन्हा दोन जोडीनं. तिनं मले उठवलं, मले सगळं ओकावं लागलं. कमरेवर एक पाय पडते का दोन, तिनं विचारलं. तवा माझ्या ध्यानात आलं का पडत दोन होते, अंगठ्याले अंगठा चिकटून, मधी सुताची गाठ टोचे, अन् मी झोपेच्या लालसेत कधी विचारच केला नाई का काऊन टोचते.

माणूस मेला का पायाचे अंगठे बांधतेत, अन् खड्ड्यात ठेवायच्या आधी सोडतेत, नाई तं त्याले पुढची वाट चालता येत नाई. सासूबाईनं बुढीच्या सुनेले विचारलं, अंगठे कोणं सोडले? सून म्हणे, मामंजीनं सोडले असतीन. मामंजी म्हणे, मी तं नाल्यात दोरखंड धरून होतो, बायाइनं सोडले असतीन. बाया म्हणे, आम्ही नाल्याच्या अलीकडंच थांबलो. कोणीच नव्हते सोडले. उड्या मारत येऊन राह्यली होती माझी बुढी, नाला ओलांडून, बांध्याइतून, बांधल्या पायानं.

सासूबाई म्हणे, खड्डा आता उकरता येत नाई. तुह्यापाशी येते, तूच मोकळी कर. इळा घेऊन निज. पण एक आहे, मोकळी झाली का ते येणार नाई. मी म्हणली, हो आत्याबाई. अन् इळा उशाखाली ठेवून झोपली, गाढ झोपली! सकाळी सासूबाई पाहे, मी म्हणो, काल विसरलीच. दुसऱ्या दिवशी म्हणो, अंधारात गाठ सापडली नाई. काय सोंगाडी होती मी, काय सांगू. एक रात अजून, एकच रात, दारूवाला म्हणते तसं.

पण बुढी थकत चालली होती. धप अन् धपच्या मधी लय वेळ जाये. दारापाशी येऊन थांबे, अन् मले तिचा दम ऐकू ये, मेलेल्या माणसाले दम कसा लागते मले ठाऊक नाई, पण लागे. एका राती ते पडली. अंगणात पडल्याचा आवाज आला, मंग मातीवरून घसरत आल्याचा. तरी आली अन् तरी माझ्या कमरेवर पाय ठेवला, अन् पाय कापत होते.

मी हात मागं नेला. अंगठ्याइच्या मधी इळ्याचं टोक घातलं अन् ओढलं. गाठ ओली होती, सुटली नाई, पुन्हा ओढलं. पाय वेगळे झाले. मी तोंड वळवून पाह्यलं नाई, हिंमतच नव्हती, फक्त म्हणली, जा वं माय. मंग ऐकलं, एक पाऊल, मंग दुसरं, डावं, उजवं, जसं माणूस पाणी भरायले जाते तसं सावकाश, सांदवाडीतून बांधीकडं.

अन् पावलं ऐकू येईनाशी झाली असन नसन, माझ्या मांडीत तार पेटली. मी उशी चावली, स्वतःले शिव्या देल्या, रांडे, एक रात अजून थांबली असतीस तं काय बिघडत होतं! सासूबाई उठून आली. मोहफुलं तव्यावर गरम करून फडक्यात बांधली अन् उजाडेपर्यंत पोटरी शेकत बसली. तिच्या मांडीवर माझा पाय, अन् तिचं डोस्कं पेंगून राह्यलं.

तेच पुढं चाललं मंग. मोहफुलाचा शेक, मोहाच्या बियाइचं, टोरीचं तेल, अन् कोणीतरी उशाशी. वरसावरसानं आग कमी झाली, पुरती गेली नाई. सासूबाई गेली तवा तिचे अंगठे मी माझ्या हातानं सोडले, दोनदा पाह्यले. आता नातसून तेल चोळते, चोळता चोळता तिलेच झोप येते, मी तिच्या अंगावर गोधडी टाकतो अन् जागी राहातो. दुखते तं दुखो. तुमचं असं कधी दुखू नये बाई, अन् दुखलंच तं जित्या माणसाचा हात भेटो. मेलेल्याइले त्याइची वाट चालू द्यावी.