सतरा पायऱ्या, तीन हात

...नाही, तुम्हीच सांगा, मी जास्त काय मागितलं होतं? संगमरवर मागितलं? झुंबर मागितलं? सतरा पायऱ्या मागितल्या, भाऊ! आन त्या सतरा एकसारख्या असाव्या, एवढंच... पहिली दुसरीएवढी, दुसरी तिसरीएवढी! आता पायऱ्या एकसारख्या असतात, हे काही कोणाले सांगा लागते काय? पण रायपूरची राजधानी झाली न, तवापासून सगळंच सांगा लागते. आन सांगूनही काय? "हो जाही, बाबूजी!" होऊन जाईल! हा आमचा ठेकेदार, धर्मपाल. पाया खोदा लागला तवा "हो जाही", दार उलट्या बाजूले बसवलं तवा "हो जाही"... माणूस मेला तरी तिरडीपाशी उभा राहून म्हणन, हो जाही!

तुम्हाले सांगतो, मी शालिग्राम, रेल्वेतला माणूस. चौतीस वर्षं पटरीवर पायी हिंडलो, हातात फीत. दोन रुळांमधी दोन सूत फरक पडला तरी मले रात्रीची झोप नाही. रिटायर झालो, तेलीबांध्याच्या पुढं प्लॉट घेऊन ठेवला होता, म्हटलं चला, घर बांधू. आन त्याच्या दोन वर्षं आधी विमलेचे, म्हणजे माह्या बायकोचे, डोळे गेले. शुगरनं. हळूहळू गेले. आधी पेपर गेला, मंग तांदळातले खडे गेले, मंग माहं तोंड गेलं. ती कधी रडली नाही, मी रडलो. नव्या घरात तिनं एकच गोष्ट मागितली, गच्ची. म्हणे, "दिसत नसलं म्हणून काय झालं हो, ऊन तर लागते न अंगाले!"

म्हणून मी धर्मपालले पहिल्याच दिवशी हात जोडले. म्हटलं, बाबा रे, खोल्या वाकड्या कर, खिडकी उलटी लाव, मी काही बोलणार नाही, पण जिना! घरात न दिसणारं माणूस हाये, एक पायरी फसवी निघाली तर माही बायको जाईन. त्यानं मान हलवली. "हव, हव! हो जाही, बाबूजी!"

आता जुना मिस्त्री कसा काम करे? आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, मी पाह्यलं न लहानपणी! विटेले हात लावाच्या आधी भिंतीवर खडूनं सगळ्याच्या सगळ्या पायऱ्या आखे, वरून बसणाऱ्या फर्शीची जाडीसुद्धा धरून. मंगच कामाले लागे. आन आता? इकडं बंगले, तिकडं सरकारी दफ्तरं, पुढं कॉलन्या... एवढे मिस्त्री आणाचे कुठून? काल जो गारा कालवत होता, तो आज मिस्त्री! पहिला आला तो हात हलवत. म्हटलं, फीत काहून नाही रे? तर पंजा फाकवून दाखवते, "ये है न!" वीत! एक वीत वजा दोन बोटं, म्हणजे एक पायरी! मी तसाच सदर बाजारात गेलो, त्या गर्दीतून स्टीलची नवी फीत आणली, त्याच्या हातात ठेवली. त्यानं ती कमरेले खोचली... आन मोजलं वितीनंच!

माही चूक एवढीच झाली का मी पंधरा दिवस घर सोडलं. विमलेले नागपूरले नेलं, डोळ्याच्या डॉक्टरकडं, शेवटचं म्हणून. डॉक्टर म्हणे, आता काही होत नाही. येताना गाडीत ती माहा हात धरून बसली होती, आन मी म्हणत होतो, गच्ची तर हाये न आपली...

वापस आलो तर जिना तयार! वर फर्शीसुद्धा बसवली, चकचकीत! मी फीत लावली, एकेक पायरी मोजली. पहिला मिस्त्री पाच पायऱ्या करून सिलतऱ्याच्या कारखान्यात लागला. दुसरा आला तो ताडमाड उंच, त्याची वीत ती केवढी! त्याच्या पायऱ्या एकेक इंच जास्त. तो गावाकडं धान कापाले गेला, तिसरा आला बुटका. आन शेवटची, सतरावी? तिच्यासाठी चारच बोटं जागा उरली, तर चार बोटांचीच पायरी! मी ओरडलो, धर्मपाल! तर म्हणते, "आदत हो जाही, बाबूजी!" पोट्टीले फोन केला, आमची निधी, भिलाईले असते. ती हिंदीतच बोलते. "बाबा, आप भी न! रेलिंग लगवा दो!" मी म्हटलं, नाही, हा जिना तुटन! धर्मपाल म्हणे, "तोड़बो, हो जाही!" तोडू म्हणे, आन जो गेला तो गेलाच.

रहाले आलो. विमलेले शपथ घातली, जिन्याकडं जायचं नाही म्हणून. आठच दिवस झाले असतील, दुपारी आवाज येते, "अहो, चहा वरच आणता काय?" वरून! गच्चीवरून! धावलो, पाच पायऱ्या बरोबर, सहावीले अंगठा ठेचला आन असा आपटलो, मनगट मोडलं!

ती वरून शांतपणे म्हणते, "सहावी न? तिथून दुसऱ्या माणसाचा हात लागते. पहिल्या पाच एकाच्या, मंग सहा त्या उंच माणसाच्या, मंग पाच बुटक्याच्या. पायाले समजते. सतरावी मात्र कोणाचीच नाही."

तुम्हाले सांगतो, तिले कोणीच काही सांगितलं नव्हतं.

तरी मी हट्टाले पेटलो. प्लास्टरचा हात गळ्यात बांधून दुसरा ठेकेदार आणला. म्हटलं, तोड! तर विमला पहिल्या पायरीवर उभी. "हात नाही लावाचा." काहून? "तीन माणसांचे हात शिकले मी. आता चौथ्याचा कसा असन, कोणाले माहीत? तो चांगला करन, असं हा ठेकेदार सांगून राहिला काय? विचारा त्याले." मी विचारलं, भैया, सतराच्या सतरा एकसारख्या होतील न? त्यानं वर पाह्यलं, खाली पाह्यलं, तंबाखू मळली आन म्हणे... "हो जाही!"

मी त्याले फाटकापर्यंत पोचवून आलो.

तर आता रोज हे असं. ती पुढं, मी मागं, माहा चांगला हात तिच्या हातात. "सहावी, पाय उचला... बारावी, हळू..." डोळे मले हायेत, भाऊ, दोन्ही शाबूत! पण काय करता? या घरच्या पायऱ्या पाहून चढता येत नाही, पाठ करा लागतात. आन माहं पाठांतर लहानपणापासूनच कच्चं.