आर्डिथ बहिणीकडं गेली होती

नाही, पण मला एक सांगा मंडळी, बायको बहिणीकडं गेली तर नवऱ्यानं काय दारावर पाटी लावायची? 'आर्डिथ सध्या ओक्लाहोमाला, बहीण वर्ना न्हाणीघरात घसरली, खुबा मोडला, बरी झाली की परत येणार आहे, कृपया कुणी रडू नये'... अशी? कारण ती लावली नाही, एवढाच काय तो माझा गुन्हा! बाकी मी केलं काय? गाणं लिहिलं! गाणी लिहिणं हा माझा धंदा आहे हो! आमच्या गावात केनी टायर विकतो, त्याला कुणी विचारतं का, 'केनी, हा टायर तुझ्या स्वतःच्या आयुष्यावर बेतलाय का रे?' नाही ना विचारत? मग मलाच का? अहो, गाणं आहे ते, गाणं! कोर्टातली साक्ष नाही!

तुम्हाला सांगतो, डोक्यावर केस होते तेव्हापासून गातोय मी. वेंडेल स्टाउट, बकल क्रीक, अर्कान्सॉ. ऐकलंय नाव? नाही ना? बरोबर आहे, कुठून ऐकणार! केनीच्या दुकानाचं उद्घाटन, गायला कोण? मी. चर्चच्या मागं मासे तळायचा कार्यक्रम, गायला कोण? मी. गुरांचा लिलाव, एक बैल बाहेर गेला आणि दुसरा आत यायचाय, तेवढ्यात कोण? मीच! आणि जिल्ह्याच्या जत्रेत तर दरवर्षी मला ठरलेली वेळ, सकाळी, डुकरांच्या स्पर्धेच्या आधी. का? तर म्हणे डुकरं ट्रकमधून उतरवायला वेळ लागतो, तोवर लोकांना काहीतरी आवाज हवा. काहीतरी आवाज! मी म्हणजे आवाज!

बरं, दोन गाण्यांच्या मधे मी गोष्टी सांगतो. खऱ्या, घरातल्या, देवाशपथ खऱ्या! माझ्या बापाचं घड्याळ नदीत पडलं आणि पुढच्या उन्हाळ्यात माशाच्या पोटात सापडलं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. हे सांगितलं की सगळा मांडव हसतो. 'वेंडेल, काय फेकतोस रे!' म्हणजे बघा, खरं सांगितलं तर फेकतो, आणि जन्मात एकदा एक गोष्ट मनानं रचली, तर ती ह्यांनी बायबलसारखी खरी मानली. आता ह्याला काय म्हणायचं?

तर झालं असं. आर्डिथ गेली वर्नाकडं. गाडी घेऊन गेली. मी घरात एकटा. धुतलेले मोजे संपले, कॉफी जमेना, घर असं खायला उठलं की काय सांगू... आणि त्या तंद्रीत गाणं आलं! एका बैठकीत! 'अंगणात तेलाचा डाग उरला, गाडी तुझी नाही, कुत्रं बसलंय फाटकाशी, त्याला कुणी सांगितलं नाही...' बघा! आत्ता तुम्ही पण गप्प झालात! तेच झालं शनिवारी लिलावात. गायलो, आणि टाळी नाही, शिट्टी नाही, काही नाही. हॉयट म्हणून आमचा लिलाव पुकारणारा, जो झोपेतसुद्धा भाव बोलतो असं त्याची बायको सांगते, तो तोंड उघडं टाकून उभा. बैल दारात येऊन थांबला, त्याला कुणी आत घेईना. मला वाटलं, चला वेंडेल, जिंकलास! डोंबल जिंकलास!

दुसऱ्या दिवशी दारात मिस ओपल. आमच्याकडं बाईला पतवंडं झाली तरी ती मिसच. हातात कॅसरोल. आता कॅसरोल म्हणजे नूडल्स, कोंबडी, डब्यातलं सूप, वर चीजचा जाड थर, सगळं काचेच्या भांड्यात ओव्हनमधून भाजून काढलेलं, आणि भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर आणणारीचं नाव, म्हणजे भांडं परत मिळतं. पण ते दारात येतं कधी? घरात कुणी गेलं तर, घर जळलं तर, नाहीतर बायको सोडून गेली तर. उगीच नाही आणत कुणी! मी न्यूमोनियानं पडलो होतो तेव्हा पावाचा तुकडा आला नव्हता!

मी म्हटलं, 'मिस ओपल, हे कशाला?'

'खा बाळा. बोलू नकोस. नुसतं खा.'

'अहो, पण आर्डिथ बहिणीकडं गेलीय!'

तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. 'हो रे बाळा. बहिणीकडंच. माझा जावई अजून असंच सांगतो.'

बोंबला! म्हणजे नाही सांगितलं तर बायको सोडून गेली, आणि सांगितलं तर बायको सोडून गेली आणि बिचाऱ्याला कबूलही करवत नाही! त्या आठवड्यात जो भेटेल तो खांद्यावर हात ठेवतोय. केनीनं माझ्या जुन्या ट्रकच्या टायरमध्ये हवा भरून दिली, पैसे काढले तर 'असू दे, असू दे' म्हणत डोळे पुसले, नुसत्या हवेसाठी! पास्टर ग्रेडी आले, व्हरांड्यात बसले, फाटकाकडं बोट दाखवून म्हणाले, 'बघ वेंडेल, मुक्या जनावराला कळलंय, तुलाच कळत नाहीये.'

'पास्टर, ते कुत्रं पोस्टवाल्याची वाट बघतंय! चावायला! रोज बघतं! आर्डिथ घरात असली तरी बघतं!'

पण पास्टरनी डोळे मिटले होते. माझा हात धरला आणि प्रार्थना सुरू, 'हे प्रभो, ह्याला सत्य सोसायचं बळ दे.' आता प्रार्थनेच्या मधे बोलता येतं का? नाही बोलता येत. मी पण शेवटी आमेन म्हटलं. अहो, गाणं आहे ते, गाणं! कोर्टातली साक्ष नाही! पण आमेन म्हटल्यावर कोण ऐकतंय?

आणि मग हॉयट आला. जत्रेच्या कमिटीत तोच मुख्य. म्हणाला, 'वेंडेल, यंदा डुकरं नाहीत. यंदा संध्याकाळी, ट्रॅक्टरच्या शर्यतीनंतर, मोठ्या स्टेजवर. ते तेलाच्या डागाचं गाणं सगळ्यात शेवटी.' तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळची वेळ! आख्खा जिल्हा असतो! हॉयट माझ्याकडं बघून म्हणाला, 'हां, डोळे अस्सेच ठेव त्या दिवशी.'

आणि जत्रा तोंडावर आली असताना आर्डिथ परत आली.

फ्रिज उघडला. आत नुसती कॅसरोलची भांडी. एक भांडं काढलं, बुडाचं नाव वाचलं. 'ही ग्लेंडा कोण?'

'बँकेत नवीन आलीय. विधवा आहे.'

दुसऱ्याचं बूड बघितलं. 'आणि रोवीना?'

'ती पण... विधवाच.'

'आणि मी कोण आहे, वेंडेल?'

मग सगळं सांगितलं. आधी ती हसली! खरंच, पोट धरून हसली. म्हणाली, 'एवढी आठवण येत होती तर फोन का नाही केलास रे मेल्या?' आता फोन केला असता तर गाणं कुठून आलं असतं? पण हसू टिकलं केव्हापर्यंत, तर किराणा आणायला गेली तोपर्यंत. काउंटरवरच्या बाईनं पिशवीत अंडी तळाला ठेवली आणि वरून जड डबे रचले, मुद्दाम! केस कापायला गेली तर ती न्हावीण विचारते, 'आलात का? आता किती दिवस मुक्काम?' तेही सोसलं तिनं. पण रविवारी चर्चच्या गाणाऱ्यांत स्वतःच्या जागेवर जाऊन बघते तर काय... लग्नाच्या आधीपासूनची तिची जागा, पहिली रांग, खिडकीशी, आणि तिथं ग्लेंडा! बँकेतली! कॅसरोलवाली!

घरी आली, पर्स आपटली, आणि अगदी हळू आवाजात बोलली. आर्डिथ हळू बोलली की कुत्रंसुद्धा पलंगाखाली जातं. 'वेंडेल स्टाउट, जत्रेत त्या स्टेजवर, सगळ्यांसमोर सांगायचं की मी तुला सोडून गेले नव्हते. नाहीतर मी खरंच जाते. मग गात बस.'

आता तुम्हीच सांगा, माणसानं करायचं काय? सांगावं तर गाणं मेलं. बायको घरात आहे, बरी आहे, भांडतेय, ह्यावर कोण रडणार? पुढच्या वर्षी परत डुकरं! आणि न सांगावं तर आर्डिथ गेली. जन्मभर गाऊन एक, एक गाणं गाजलं होतं हो माझं! पण खरं सांगू का, आर्डिथ वर्नाकडं होती तेव्हा आमच्या घरात जी शांतता होती ना, ती मला परत नको होती. सोडून गेली हे मी रचलं, पण एकटा असताना मी भ्यालो होतो ते नव्हतं रचलेलं. म्हटलं, जाऊ दे गाणं. सांगून टाकू.

आणि सांगितलं! ट्रॅक्टर झाले, दिवे लागले, आख्खा जिल्हा समोर बसलाय, मी माइकसमोर उभा राहिलो आणि म्हटलं, 'मंडळी, गाण्याच्या आधी एक सांगायचंय. आर्डिथ मला सोडून गेली नव्हती. ती बहिणीकडं गेली होती. ती बघा, पहिल्या रांगेत, निळ्या ड्रेसमध्ये.'

तर मिस ओपल उभी राहिली आणि ओरडली, 'माफ केलंस ना रे बाळा तिला?'

आणि जो काही हुंदका फुटला त्या जत्रेत! माणसं एकमेकांच्या गळ्यात! केनी धाय मोकलून रडतोय! पास्टर स्टेजवर चढले, 'हरवलेली सापडली' म्हणून हात वर केले! गाणं ऐकून परत आली म्हणे! मी ओरडतोय, 'अहो, गाणं आहे ते, गाणं! कोर्टातली साक्ष नाही!' ऐकतंय कोण? आर्डिथ तरातरा वर आली, माझ्या हातातला माइक हिसकावला. 'मी गेलेच नव्हते! वर्नाचा खुबा मोडला होता!' आणि खालून ग्लेंडा, ती ग्लेंडा, काय म्हणाली असेल? 'असू दे गं, झालं गेलं विसरून जा!'

आर्डिथनं ग्लेंडाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मला म्हणाली, 'गिटार वाजव.'

'कुठलं गाणं?'

'वाजव म्हटलं ना!'

वाजवायला लागलो. आणि ही उभ्या उभ्या, जागच्या जागी रचत गायला लागली... 'टोपी त्याची खिळ्याला, गिटार भिंतीला टेकून, घर माझं शांत झालं, कुणी बोलत नाही मधून...' पुढचं कडवं ऐकून माझी बोटंच थांबली. त्यात मी मेलो होतो! टेकडीवर पुरलेलं होतं मला! मी शेजारी उभा असताना! मी दातओठ खात म्हटलं, 'अगं, काय चाललंय?' तर दोन कडव्यांच्या मधे हळूच म्हणते, 'तू मला नुसतं घराबाहेर काढलंस, मी तुला सरळ पुरलं. वाजव!'

आता ह्यावर तरी लोकांनी हसावं की नाही? मी समोर उभा आहे, गिटार वाजवतोय! पण नाही! मिस ओपल शेवटी स्टेजपाशी आली, रुमाल भिजलेला, माझाच हात धरून मला म्हणते, 'किती गुणी होता रे वेंडेल!'

'अहो मिस ओपल, मीच वेंडेल!'

'हो रे बाळा, पण तो वेगळाच होता.'

हॉयटनं पुढच्या वर्षीची संध्याकाळची वेळ जागेवर देऊन टाकली. तिला! चर्चमधली खिडकीजवळची जागा परत मिळाली, ग्लेंडा स्वतः उठून बाजूला झाली, विधवेला विधवेचं दुःख कळतं म्हणाली. आणि आर्डिथ खूश आहे हो, खुललीय नुसती, गाडीतसुद्धा गुणगुणते, मला नवीन नवीन रोगांनी मारून बघते, कुठल्या रोगाला यमक बरं जुळतंय ते. सोडून जायचं नाव काढत नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. आता गावोगाव बोलावणी येतात, पण गाडी मी चालवायची, सामान मी उतरवायचं, ती पुढं दिव्यात उभी राहून गाणार आणि मी मागं स्टुलावर अंधारात वाजवणार. गोष्टी बंद! मेलेल्या माणसानं कुठल्या गोष्टी सांगायच्या?

परवा शेजारच्या जिल्ह्यात कार्यक्रम झाला. मी तारा गुंडाळत होतो. एक म्हातारे गृहस्थ आले, डोळे लाल, हॅट काढून छातीशी धरलेली. लोकांच्या गराड्यात उभ्या असलेल्या आर्डिथकडं बघत मला हळूच विचारतात, 'तुम्ही वाजवता तिच्याबरोबर, म्हणून विचारतो... तिच्या नवऱ्याला ओळखत होतात का हो तुम्ही?'

अगदी ओठांवर आलं होतं, सगळं सांगावं, पार वर्नाच्या खुब्यापासून... पण म्हटलं, कुणाला? आणि कशाला?

म्हटलं, 'ओळखत होतो थोडाफार. बरा माणूस होता. बोलायचा फार.'