सेल्वीचा निकाल आधी मालकांना कळला

सरकार एवढा खर्च करून दहावीचा निकाल मेसेजने घरोघरी पाठवतं, ही सोयच आहे म्हणता? मग माझ्या वर्गातल्या सेल्वीचं ऐका. तिचे अप्पा नाचियारकोविलला पितळी समयांच्या कारखान्यात कामाला आहेत. घरात फोन नाही, म्हणून अप्पांनी शाळेत मालकांचाच नंबर दिला होता. मेसेज आला, गणितात नापास. मालकांनी तो सगळ्या कामगारांसमोर मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "बरंच झालं! सोमवारपासून पोरीला पॉलिशला पाठव."

अप्पांनी मान डोलावली.

"अगं, पण पुरवणी परीक्षा असते ना?" मी सेल्वीला विचारलं.

"मीही तेच म्हटलं. अप्पा म्हणाले, 'माहीत आहे गं. पण मालकांना हो म्हणून बसलोय, आता नाही कसं म्हणू?'"