तुरीच्या पोत्यांतला स्टुडिओ

आधी चहा संपवा बायांनो, न्हाईतर हसताना सांडताल.

माईक तर आणला मी हौसेनं, पण आमच्या घरात कुठंबी बसलं तरी आवाज नुसता घुमायचा. शेवटी तुरीची पोती रचलेल्या खोलीत जाऊन बसले, तर आवाज इतका स्वच्छ आला की माझा मलाच खरा वाटंना. मग बहिणीच्या पोरीच्या हळदीचं गाणं तिथंच रेकॉर्ड करायला घेतलं.

पण जीव थाऱ्यावर न्हाई, कारण तुरीचा भाव वाढायलाय. आळंदच्या अडत्याचा फोन आला की मी दाराआड कान लावून उभी. शेतकऱ्याची बायको असून भाव पडू दे म्हणून मी देवाला हात जोडले, आता काय सांगू!

तीन कडवी झाली, आन् आमचे मालक टेम्पो घेऊनच आले.

"अहो, कामून एवढी घाई करायलात? एकच कडवं राहिलंय, उद्या न्या की!"

"आन् उद्या भाव उतरला तर? तुझं कडवं इकू का बाजारात?"

पोती गेली. चौथं कडवं मी रिकाम्या खोलीत म्हणलं, आन् कुणाला कळतंय म्हणून तसंच बहिणीला पाठवून दिलं.

लगेच तिचा फोन आला.

"अक्का, लई गोड झालंय गं गाणं. पण तीन कडवी घरात म्हणलीस, मग चौथ्याला हिरीत कामून उतरलीस?"